नळजोडणी ऑनलाइन करताना: कोणते काम आधी, कोणते नंतर

ऑनलाइन सेवा सुरू करायची म्हटले की बहुतेक नगरपरिषदांत ठरलेला क्रम दिसतो. छापील अर्ज उचलायचा, त्यातले रकाने जसेच्या तसे पडद्यावर आणायचे आणि उद्घाटनाची तारीख धरायची. पुढे पाणीपुरवठा विभागातला लिपिक आलेल्या अर्जाची प्रिंट काढतो, टॅग लावतो, आवक नोंदवहीत नंबर टाकतो आणि फाइल जुन्याच वाटेने चालू लागते. अर्जदाराला फोन जातो, "मूळ कागद घेऊन या." म्हणजे ऑनलाइनही भरा आणि खेटेही घाला.

हा लेख मुख्याधिकारी, विभागप्रमुख, आयटी कक्षातली मंडळी आणि त्यांच्यासाठी सॉफ्टवेअर बांधणारे यांच्यासाठी आहे. उदाहरण नवीन नळजोडणीचे घेतले आहे, कारण ऑनलाइन सेवेत जे जे अडते ते सगळे या एका सेवेत सापडते. अर्जदार घरमालकही असतो आणि हॉटेलवालाही. जागेवर पाहणी लागते, पैसे पाहणीनंतर ठरतात, रस्ता खोदायचा तर बांधकाम विभागाला विचारावे लागते. ही सेवा नीट मांडता आली तर थकबाकी नसल्याचा दाखला वगैरे फारच सोपे.

टप्पा १: निकाली फाइली काढून बसा

सॉफ्टवेअरवाल्याला बोलावण्याआधी अभिलेख कक्षातून गेल्या वर्षभरातल्या तीसेक फाइली मागवा. सगळ्या चांगल्या चांगल्या नकोत. काही घरगुती, काही व्यावसायिक, दोन-तीन नामंजूर झालेल्या आणि निदान पाच अशा, ज्या महिनोन्महिने रखडल्या.

प्रत्येक फाइलवरून एका तक्त्यात पुढच्या गोष्टी उतरवा: आवक शिक्क्याची तारीख, प्रत्येक टिप्पणीची तारीख आणि सही करणाऱ्याचे पद, त्रुटीपत्र गेले असल्यास त्यातला मजकूर, डिमांड नोटची (किती पैसे भरायचे ते कळवणाऱ्या पत्राची) तारीख, पैसे भरल्याची तारीख, प्रत्यक्ष जोडणीची तारीख. दोन नोंदींमधले दिवस मोजा. हे दिवस दोन रंगांत लिहा: फाइल आपल्या टेबलावर होती ते दिवस एका रंगात, अर्जदाराकडून काही येण्याची वाट होती ते दुसऱ्या रंगात.

तक्ता भरताना सहसा तीन ठिकाणी बोट थांबते. एक, कनिष्ठ अभियंत्याची पाहणी. दोन, रस्ता खोदाईची परवानगी, जी नळजोडणीच्या फाइलमध्ये दिसतच नाही, कारण अर्जदार स्वतः बांधकाम विभागाकडे वेगळा अर्ज घेऊन हेलपाटे घालत असतो. तीन, त्रुटीपत्र. आज "मालकी उतारा जोडावा", पंधरा दिवसांनी "प्लंबरच्या परवान्याची प्रत जोडावी". दोन्ही त्रुटी पहिल्याच दिवशी दिसत होत्या.

सावधान: प्रक्रिया कशी चालते हे फक्त विभागप्रमुखांना विचारू नका. ते नियम सांगतात. लिपिक प्रथा सांगतो आणि फिटर खरे सांगतो. तिघांशी वेगवेगळे बोला. कोणत्या गल्लीतली मुख्य वाहिनी किती इंची आहे आणि कुठे दाब पुरत नाही, हे अनेक ठिकाणी अजून फिटरच्या डोक्यातच असते. ते नकाशावर आल्याशिवाय "जोडणी शक्य आहे का" हा प्रश्न कोणतेही सॉफ्टवेअर सोडवणार नाही.

टप्पा २: कागद कमी करा, तेही लेखी

आता अर्जासोबत मागितल्या जाणाऱ्या प्रत्येक कागदाला तीन प्रश्न विचारा. हा कागद कोणत्या नियमाने मागतो? तो पाहून निर्णय बदलतो का? आणि त्यातली माहिती आपल्याच कार्यालयात आधीपासून आहे का?

मालमत्ता कराची पावती तिसऱ्या प्रश्नात पडते. कर आपण घेतला, पावती आपण दिली आणि तिची झेरॉक्स आपणच मागतो. मालमत्ता क्रमांक टाकला की कर विभागाच्या नोंदीतून मालकाचे नाव, वापराचा प्रकार आणि थकबाकी पडद्यावर यायला हवी. त्यासाठी कर विभागाची माहिती आधी साफ करावी लागते. वारसांची नावे चढलेली नसतात, एकाच इमारतीला दोन क्रमांक असतात. हे काम कंटाळवाणे आहे, पण ऑनलाइन नळजोडणीचे निम्मे यश तिथे ठरते.

प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र आणि राजपत्रित अधिकाऱ्याच्या शिक्क्याऐवजी स्वतःची सही चालवण्याचा राज्याचा निर्णय २०१५ चा आहे. तरी स्टॅम्प पेपरवरचे हमीपत्र मागायची सवय सुटत नाही. विशिष्ट कायद्यातच प्रतिज्ञापत्र लिहिलेले असेल तर गोष्ट वेगळी.

पायरी गाळण्याचे धाडस कुठवर करता येते, याची दोन उदाहरणे व्यवसायांच्या बाजूला सापडतील. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली लघुउद्योगांची उद्यम नोंदणी स्वयंघोषणेवर चालते. एकही कागद अपलोड करावा लागत नाही, माहिती पॅन आणि जीएसटीच्या नोंदींशी जुळवली जाते. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा आला तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला नोंदणीऐवजी नुसती सूचना पुरेशी ठरली. दोन्ही ठिकाणी आधी नियम हलका झाला, मग पडदा बनला.

सावधान: कागद गाळण्याचा अधिकार लिपिकाला नाही, आयटी कक्षाला नाही आणि सॉफ्टवेअरवाल्याला तर मुळीच नाही. कागद पाणीपुरवठ्याच्या उपविधीत असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव आणि पुढची मंजुरी लागेल. नुसत्या परिपत्रकाने रूढ झालेला असेल तर मुख्याधिकाऱ्यांचा कार्यालयीन आदेश पुरतो. वेळ खाणारे काम हेच, म्हणून पहिल्याच आठवड्यात सुरू करा. तोंडी ठरवून फॉर्ममधून रकाना काढला की लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि रकाना निमूटपणे परत येतो.

टप्पा ३: घड्याळ कधी सुरू होते ते ठरवा

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली सेवा अधिसूचित असेल तर पदनिर्देशित अधिकारी, कालमर्यादा आणि दोन्ही अपील प्राधिकारी आधीच ठरलेले असतात. त्यांच्या वर राज्य सेवा हक्क आयोग. वाजवी कारणाशिवाय सेवा दिली नाही तर ५०० ते ५,००० रुपये शास्ती होऊ शकते आणि ती कार्यालयाला नाही, व्यक्तीला बसते. म्हणून अर्ज कोणत्या क्षणी कोणाच्या टेबलावर होता, याची नोंद सॉफ्टवेअरमध्ये न पुसता येणारी हवी. ती अधिकाऱ्याच्याही हिताची आहे.

आदेशात पुढच्या गोष्टी स्पष्ट लिहून घ्या आणि मगच सॉफ्टवेअरमध्ये टाका:

१. अर्ज पूर्ण कधी मानायचा. शुल्क भरल्यावर की कागद जोडल्यावर?
२. त्रुटी एकदाच आणि सगळ्या एकत्र कळवायच्या. दुसऱ्यांदा त्रुटी काढायची तर वरिष्ठांची परवानगी.
३. त्रुटीच्या काळात घड्याळ थांबते, पण शून्यावर जात नाही.
४. नामंजुरीत कारण आणि अपिलाचा पत्ता दोन्ही. पहिल्या अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे, हेही त्याच पत्रात.

तिसरा मुद्दा लिहायचा राहिला तर कालमर्यादेचा अहवाल शंभर टक्के हिरवा दिसतो आणि माणसे चार महिने थांबलेली असतात.

टप्पा ४: अर्जाचा पडदा

इथे घाई केली की पुढे वर्षानुवर्षे तक्रारी येतात, म्हणून जरा सविस्तर.

*नाव.* नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव असे तीन सक्तीचे रकाने ठेवू नका. काहींना आडनाव नसते, काही आईचे नाव लावतात. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव लावण्याचा राज्याचा निर्णय आहेच. "पूर्ण नाव, जसे कागदपत्रांवर आहे तसे" असा एक मोठा रकाना ठेवा, फोड करायचीच असेल तर पर्यायी ठेवा.

*मराठी अक्षरे.* 'ॲड. ॲलन' हे नाव दोन तऱ्हांनी टाइप होते. कोणी ॲ हे एकच अक्षर वापरतो, कोणी अ काढून त्यावर चंद्र देतो. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी, त्यामुळे शोधात नाव सापडत नाही. तेच 'ऱ्या'चे आणि अक्षरांमध्ये लपलेल्या जोडचिन्हांचे. साठवण्याआधी मजकूर एका ठरलेल्या रूपात आणायचा नियम निविदेतच लिहा. मोबाइल क्रमांक कोणी ९८ असा देवनागरीत भरला तर "चुकीचा क्रमांक" म्हणून परतवू नका, आतल्या आत अंक बदलून घ्या. जुनी माहिती युनिकोडआधीच्या फॉन्टमध्ये असेल तर रूपांतर करून प्रत्येक प्रभागातल्या शंभर नोंदी माणसाने वाचून तपासा. जोडाक्षरे आणि रफार हमखास बिघडतात.

*अपलोड.* फाइल जास्तीत जास्त किती मोठी, एवढीच मर्यादा ठेवा. काही ठिकाणी किमान आकारही सक्तीचा असतो. मग सेवा केंद्रातला मुलगा स्वच्छ वाचता येणारा पीडीएफ मुद्दाम फुगवून परत चढवतो. फोनवर काढलेला फोटो आपणच लहान करून घ्यावा. डिजीलॉकरमधून संबंधित खात्याने दिलेला कागद २०१६ च्या नियमांनुसार मूळ कागदासारखाच धरायचा आहे, त्याची पुन्हा छापील प्रत मागू नका.

*आधार.* नळ द्यायला आधार लागतो का, हा प्रश्न टप्पा २ मध्येच विचारून झालेला असावा. आधारवरून ओळख पटवायला (प्रमाणीकरणाला) कायद्याचे पाठबळ लागते आणि सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१८ चा निकाल त्याची मर्यादा आखतो. ओळखीसाठी कोणी स्वेच्छेने आधार दिलेच तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत घ्या. वैयक्तिक विदा संरक्षणाचा २०२३ चा कायदा पाहता, जी माहिती घेतलीच नाही ती सांभाळावीही लागत नाही.

*व्यवसायांचे खाते.* इथे खरे पाणी मुरते. हॉटेलच्या वतीने अर्ज बहुधा सल्लागार किंवा व्यवस्थापक भरतो, स्वतःच्या मोबाइलवर ओटीपी घेऊन. दोन वर्षांनी तो नोकरी सोडतो आणि हॉटेलचे खाते त्याच्यासोबत जाते. म्हणून खाते आस्थापनेच्या नावावर असावे आणि त्याखाली माणसे जोडता-काढता यावीत. अर्ज भरणारा, पैसे भरणारा आणि सही करणारा हे तीन वेगळे लोक असू शकतात. मालक बदलला तर जोडणी कशी हस्तांतरित होईल, तेही आत्ताच ठरवा.

*चूक दाखवणारे संदेश.* "अवैध इनपुट" वाचून कोणालाही काही कळत नाही. "मालमत्ता क्रमांक सापडला नाही. करबिलावरचा क्रमांक पाहून पुन्हा भरा" असे लिहा. आणि हा संदेश आल्यावर आधी भरलेले सगळे पुसले जाऊ देऊ नका.

तपासणी: पाच-सहा हजारांचा, पडद्याला तडा गेलेला फोन घ्या, वायफाय बंद करा आणि पूर्ण अर्ज भरा. मध्येच फोन घ्या, दहा मिनिटांनी परत या. अर्ज होता तिथेच आहे का?

टप्पा ५: पैसे

नळजोडणीत पैसे दोनदा येतात. अर्ज शुल्क आधी. अनामत, जोडणी शुल्क आणि रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च पाहणीनंतर. दर सर्वसाधारण सभा बदलते, म्हणून दर सॉफ्टवेअरच्या आत कोरून ठेवू नका. 'लागू दिनांका'सह तक्त्यात ठेवा. मार्चमध्ये आलेल्या अर्जाची डिमांड नोट एप्रिलमध्ये निघाली तर जुना दर की नवा? हे लेखापालांकडून लेखी घ्या.

सगळ्यात जास्त भांडणे होतात ती "खात्यातून पैसे गेले, पावती नाही" यावर. बँकेकडून उत्तर यायच्या आत अर्जदाराने पान बंद केले, एवढेच झालेले असते. उपाय ठरलेला आहे:

१. व्यवहाराची खातरजमा अर्जदाराच्या ब्राउझरवर सोडू नका, आपल्या सर्व्हरने पेमेंट गेटवेला (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या मधल्या सेवेला) विचारावी.
२. व्यवहार अधांतरी असेल तोवर "पुन्हा भरा" हे बटण दाखवू नका.
३. रोज सकाळी बँकेचे विवरण आणि आपल्या नोंदी यांचा ताळमेळ. कोण करणार, त्याचे पद आदेशात.
४. दोनदा भरलेली रक्कम परत करण्याचा अधिकार कोणाला, किती दिवसांत, हे सुरू होण्याआधी ठरवा. परताव्यासाठी पुन्हा ठराव लागत असेल तर तसा एक सर्वसाधारण ठराव आधीच घेऊन ठेवा.

टप्पा ६: कार्यालयाच्या बाजूचा पडदा

नागरिकांच्या पडद्यावर सगळे जीव ओततात, कनिष्ठ अभियंत्याच्या पडद्याकडे कोणी बघत नाही. मग तो वहीतच लिहितो. पाहणीची नोंद मोबाइलवर, नेटवर्क नसताना चालणारी हवी: मुख्य वाहिनीपासून अंतर, वाहिनीचा व्यास, रस्त्याचा प्रकार, स्थळासह फोटो. एवढे भरले की डिमांड नोटचा आकडा आपोआप यावा. रस्ता डांबरी किंवा काँक्रीटचा निघाला की बांधकाम विभागाकडे परवानगीची नोंद तिथूनच जावी, अर्जदाराला मध्ये घालू नका.

लॉगिन पदाला जोडा, माणसाला नव्हे. पण प्रत्येक सही माणसाच्या नावाने नोंदवा. एप्रिल-मेमध्ये बदल्या होतात, रजा असतात, अतिरिक्त पदभार असतो. पदभार पडद्यावर दोन मिनिटांत देता आला नाही तर पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला जातो. डिजिटल सहीच्या टोकनची मुदत संपण्याआधी महिनाभर सूचना यावी.

मंजुरीपत्रावरचा क्यूआर कोड नगरपरिषदेच्या संकेतस्थळावरचे मूळ पत्र उघडणारा असावा. नुसता मजकूर भरलेला क्यूआर कोणीही घरी बनवू शकतो.

टप्पा ७: सुरक्षा आणि चाचणी

सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेच्या यादीतल्या लेखापरीक्षकाकडून सुरक्षा तपासणी झाल्याशिवाय सेवा खुली करू नका. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवायची आणि लॉग (प्रणालीत कधी काय घडले त्याच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे आहेत. रात्री दोनला हे कोण कळवणार, त्याचा क्रमांक भिंतीवर हवा.

एक चाचणी तुम्ही स्वतः करा. आपल्या अर्जाचे पान उघडा, पत्त्याच्या पट्टीतला अर्ज क्रमांक एकाने वाढवा. शेजाऱ्याचा अर्ज दिसला तर तिथेच थांबा.

प्रत्यक्ष वापराच्या चाचणीला कार्यालयातले लोक बसवू नका. सेवा केंद्राचा चालक, परवानाधारक प्लंबर, एखादा दुकानदार आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) वापरणारी दृष्टिहीन व्यक्ती बोलवा. त्यांना काही समजावून सांगू नका, फक्त बघा. खऱ्या नागरिकांचे कागद चाचणीसाठी वापरू नका.

टप्पा ८: सुरुवात

एका-दोन प्रभागांत सुरू करा. तारीख निवडताना तीन काळ टाळा: मार्चअखेर, कारण सगळे वसुलीवर असतात, उन्हाळ्याची ऐन टंचाई, जेव्हा पाणीपुरवठा विभाग टँकरमागे धावत असतो, आणि आचारसंहितेच्या तोंडावरचे दिवस.

कागदी आणि ऑनलाइन असे दोन्ही मार्ग सुरुवातीला राहतील, पण कागदी नोंदवही कधी बंद होणार ती तारीख आधी जाहीर करा. काउंटर मात्र बंद करू नका. ज्याला ऑनलाइन जमत नाही त्याचा अर्ज लिपिकाने त्याच प्रणालीत भरावा. क्रमांक एकाच मालिकेतला, रांगही एकच. नाहीतर "ओळखीचे" अर्ज कागदावर आणि बाकीचे ऑनलाइन, अशी वाटणी आपोआप होते. प्रलंबित अर्ज मूळ तारखेसह आत घ्या.

टप्पा ९: सुरू झाल्यावर

"इतके हजार अर्ज ऑनलाइन आले" या आकड्यात काही नाही, दुसरा मार्गच नसला तर ते येणारच. दर महिन्याला एवढेच पाहा: किती अर्ज त्रुटीत गेले आणि कोणत्या रकान्यामुळे, लागलेल्या दिवसांनुसार सगळ्यांना रांगेत लावले तर बरोबर मधल्या अर्जदाराला किती दिवस लागले, किती जणांना तरीही कार्यालयात यावे लागले, आणि किती व्यवहार अधांतरी राहिले. एकाच रकान्यात अनेकांची चूक होत असेल तर दोष त्या रकान्याचा आहे.

शेवटी करार. सॉफ्टवेअरवाला बदलला की सेवा बंद पडते, असे कितीतरी ठिकाणी झाले आहे. सोर्स कोड, डेटाबेसचा आराखडा, संकेतस्थळाचे नाव, सुरक्षा प्रमाणपत्र आणि पेमेंट गेटवेचे खाते नगरपरिषदेच्या नावावर आहे का, हे सही करण्याआधी एकेक करून पाहा. एसएमएसचे शीर्षक आणि मजकुराचे नमुनेही डीएलटी मंचावर (एसएमएस पाठवणाऱ्या संस्थांच्या दूरसंचार कंपन्यांकडच्या नोंदणीत) नगरपरिषदेनेच नोंदवलेले हवेत. ते कंत्राटदाराच्या नोंदणीवर असले तर करार संपल्याच्या दिवसापासून अर्जदारांना ओटीपी जाणे थांबते, आणि नवीन नोंदणी मंजूर होईपर्यंत कोणालाही लॉगिन करता येत नाही.